तळ्याकाठची खोली आणि कलम चार

हेडक्लार्क निवृत्त झाले आणि बायकोला घेऊन चार दिवसांसाठी डोंगरातल्या त्या तळ्याच्या गावी आले. पाचव्या दिवशी सामान बांधायचं सोडून ते खिडकीत बसून राहिले.

"अहो, गाडी चुकेल," बायको म्हणाली.

"चुकू दे. आता इथंच राहायचं. कायमचं."

"नव्याचे नऊ दिवस असतात हो!"

"मग दहाव्या दिवशी विचार."

तिनं दहाव्या दिवशी विचारलं. उत्तर तेच होतं.

जीवच जडला होता माणसाचा. छत्तीस वर्षं ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत बघितलेली. आणि इथं उठल्याउठल्या पाणी, पाण्यात उलटा डोंगर, वर धुकं! ही खोली सुटली तर आपण जगणार नाही, असं ते जेवताना दोन्ही वेळा सांगायचे. खोली शिंपीणबाईंच्या दुकानावर होती. त्यांनी महिन्यामहिन्यानं राहायला हरकत घेतली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात हेडक्लार्क पक्के गावकरी झाले. म्हणजे स्वतःच्या मते. आणि गावकरी झाल्यावर माणसाला पाहुण्यांचा राग येतोच. तळ्याकाठच्या त्यांच्या नेहमीच्या बाकावर कोणीतरी टोपीवाले बसलेले असत, नावेतून किंचाळ्या येत. एके सकाळी दाढी करून घेताना ते न्हाव्यापाशी कडाडले, "कुठून कुठून येतात हो ही माणसं! येतात ते येतात, वर मुक्काम ठोकतात!"

न्हाव्यानं आरशातून त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. तो नगरपालिकेचा सभासदही होता. "नियम करायचाय कधीचा," तो म्हणाला. "पण लिहिणार कोण? आम्ही लिहिलं की त्यात सतरा भोकं."

झालं! अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून हेडक्लार्क ताठ बसले. "कागद आणा. माझ्या मसुद्यातून मुंगी निसटायची नाही."

आणि खरोखर नाही निसटली. कलम एक: बाहेरच्यानं सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. कलम दोन: ज्याचं गावात स्वतःचं घर किंवा कामधंदा आहे, तोच रहिवासी. कलम तीन: रहिवाशाकडे पाहुणा त्याहून जास्त राहू शकेल, पण रहिवाशानं दर आठवड्याला नव्यानं लेखी हमी द्यायची, मग तो पाहुणा सासू असो, मेहुणा असो की सख्खा नवरा. "नात्याच्या नावाखाली दहा-दहा जण घुसतात, ठाऊक आहे मला!" कलम चार: कोणालाही, कोणत्याही सबबीवर सूट नाही.

न्हावी घुटमळला. "साहेब, तिथं 'तुमच्यासारखी भली माणसं सोडून' असं घालू या का?"

"छे छे! एक अपवाद केलात की नियमाची चाळण झालीच म्हणून समजा."

नियम एकमतानं मंजूर झाला. सभेत सर्वांत जोरात टाळ्या हेडक्लार्कांनीच वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा शिपाई पाकीट देऊन गेला. आभाराचं पत्र असणार म्हणून त्यांनी ते जिन्यातच, चष्मा पुसून वाचलं. आपला मुक्काम सात दिवसांहून अधिक झाल्याने उद्या दुपारपर्यंत गाव सोडावे. ते पायरीवरच बसले. मग उठून तडक न्हाव्याकडे गेले.

"अहो, हे काय?"

"तुमचाच मसुदा, साहेब. एक काना-मात्रा बदलली नाही आम्ही."

"पण मी... मीच तर लिहिला ना!"

"तेच तर! काल दोन तास बसून कलम चारात तुमच्यासाठी पळवाट शोधली आम्ही सगळ्यांनी. सापडेल तर शपथ! काय लिहिलंय हो, मानलं!"

हेडक्लार्कांना क्षणभर अभिमान वाटला. मग डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही सुवाच्य अक्षरात. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "बांध सामान. संपलं सगळं."

ती जागची हलली नाही. "नोटीस कोणाच्या नावानं आहे?"

त्यांनी पुन्हा वाचलं. "माझ्या. एकट्याच्याच?"

"मी रहिवासी आहे. खाली शिंपीणबाईंच्या दुकानात काज-बटणं करते. पंधरा दिवस झाले. नगरपालिकेत नोंदही झाली."

"मला बोलली नाहीस ते!"

"दोनदा बोलले. तुम्ही 'हं' म्हणालात आणि धुकं बघत बसलात."

हेडक्लार्क धावतच जाऊन हमीचा छापील कागद घेऊन आले. स्वतःचं नाव, वय, मुक्कामाचं कारण सगळं भरून त्यांनी तो अदबीनं तिच्यापुढे ठेवला. तिनं चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून सावकाश वाचला, आणि 'पाहुण्याशी नाते' या रकान्यापाशी थांबली.

"तिथं 'पती' लिही," ते घाईनं म्हणाले.

तिनं पेनाचं टोपण काढलं. मग तिनं लिहिलं, 'ओळखीचे'.

"अगं, ओळखीचे?"

"या आठवड्याला एवढं पुरे. पुढचं वागणूक बघून."

सही अजून व्हायची होती, म्हणून हेडक्लार्क गप्प बसले.