बोटभर ढील

दुपारी दोन वाजता थोरल्या साडूंची गाडी धाकट्या साडूंच्या परसात अडकून उभी राहिली, आणि पाच वाजता ती परत करायची होती.

गाडी म्हणजे चार जाड टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली, चढ-चिखल काहीही न बघता जाणारी एटीव्ही. घरचे सगळे तिला रणगाडा म्हणत. थोरल्यांची उतारावर फळबाग होती आणि ते रोज या रणगाड्यावर बसून बागेत फेरी मारत. धाकट्यांना मातीची आठ पोती परसाच्या वरच्या टोकाला न्यायची होती, म्हणून त्यांनी तो एका दिवसासाठी मागून आणला. सातव्या पोत्याच्या तोंडाची नायलॉनची दोरी सुटली, चेनमध्ये शिरली, मागच्या दातेरी चाकाभोवती गुंडाळली गेली आणि चेन जागच्या जागी घट्ट बसली.

मागून आणलेली वस्तू बिघडली तर माणूस फोन करतो, चुकलं म्हणतो, विषय संपतो. धाकट्यांना ती सोय उरलेली नव्हती. मागच्या वर्षी थोरल्यांनी त्यांचं ड्रिल मशीन नेलं आणि जळकं परत आणलं. तेव्हापासून धाकट्यांनी ही हकीकत तीन लग्नांत, पाच वाढदिवसांत आणि एकदा आजारी माणसाला बघायला गेले असताना सांगितली होती. "वस्तू वापरणं वेगळं आणि वस्तू कळणं वेगळं," हे तिचं शेवटचं वाक्य. ते म्हणताना धाकटे थोरल्यांकडे बघत नसत, पण बाकीचे सगळे बघत.

त्यात धाकटे पेशाने तपासनीस. कारखान्यात दुसऱ्यांनी बनवलेल्या मालावर लाल खडूने फुली मारायची, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही वस्तू बनवली नव्हती, त्यामुळे त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती. कुणी काही चुकीचं बोललं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

"भाऊजींना फोन करू का?" धाकटीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मागच्या दारातून विचारलं.

"कशाला?"

"गाडी अडकलीय ना."

"चेनला ढील जास्त आहे, म्हणून दोरी आत गेली. मूळ दोष मालकाचा आहे."

"बरं, तसं सांगते त्यांना."

"फोन खाली ठेव."

दोरी काढायची तर चेन सैल करायला हवी, आणि चेन सैल करायची तर मागच्या चाकांच्या दांड्याचे चार बोल्ट. त्यांना सतरा नंबरचा पाना लागतो, हे धाकट्यांना दहा, बारा, तेरा आणि चौदा नंबरचे पाने लावून झाल्यावर कळलं. सतराचा पाना शेजाऱ्यांकडून आणला. शेजारी काय झालंय ते बघायला पान्याबरोबर आले, त्यांना परत पाठवण्यात दहा मिनिटं गेली. दोरी सोळा तुकड्यांत निघाली. शेवटचा तुकडा हातात आला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

आता चेन परत ताणायची राहिली. सीटखाली एक कागद चिकटवलेला होता. चेन मध्यावर दाबली की बोटभर हलली पाहिजे, असं त्यावर लिहिलं होतं. धाकट्यांनी ते दोनदा वाचलं आणि मनातल्या मनात त्यावर फुली मारली. ढील म्हणजे ढिलाई, आणि ढिलाईचे परिणाम त्यांनी नुकतेच सोळा तुकड्यांत काढले होते. त्यांनी चेन कपडे वाळत घालायच्या तारेसारखी ताणली.

"कागदावर बोटभर म्हटलंय," धाकटी म्हणाली.

"ज्याने लिहिलं त्याच्या हाताखाली मी काम करत नाही."

"निदान बसून तरी बघा."

ते बसले. खिशातल्या पान्यासकट धाकट्यांचं वजन अठ्ठेचाळीस किलो भरलं असतं. चेन कुरकुरली, पण चाकं फिरली. नव्याने घट्ट केलेली वस्तू कुरकुरतेच, असं स्वतःला समजावत ते रस्त्याला लागले आणि धाकटी स्कूटरवरून मागे निघाली.

पाचला पाच मिनिटं असताना रणगाडा बागेच्या फाटकातून आत आला. पुसलेला, चकचकीत, वेळेआधी. धाकटे उतरले आणि किल्ली पुढे करत म्हणाले, "जशी नेली तशी आणली. हल्ली लोक असं करत नाहीत."

थोरल्यांनी किल्ली घेतली, गाडी सुरू केली आणि ते वर बसले. थोरल्यांचं वजन एकशे बारा किलो. गाडीचा मागचा भाग खाली बसला, चेनमधून 'कट्' असा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. थोरले उतरले, एका हाताने गाडी ढकलली. ती मुकाट्याने पुढे गेली. ते परत बसले. कट्. उतरले. ढकलली की गाडी पुढे. असं तीनदा झालं, आणि तिसऱ्या वेळी त्यांची बायको, थोरली, घरातून बाहेर आली.

"काय केलंत हो हिला?" थोरल्यांनी विचारलं.

"मी आत्ता तुमच्यासमोर बसून आणली," धाकटे म्हणाले. "गाडी तीच आहे, दादा. फक्त वरचा माणूस बदललाय."

हे बोलणं दुष्टपणाचं होतं आणि ते धाकट्यांनाही कळलं, पण माणूस बुडायला लागला की हाताला येईल त्याला धरतो. थोरलीला तर कित्येक वर्षांचा पुरावा आयता मिळाला. "मी सांगून थकले, डॉक्टर सांगून थकले. आता गाडीनेच सांगितलं. आजपासून रात्री फक्त सूप. आणि हे धूड विकून टाका, बागेतली फेरी पायी मारायची."

थोरल्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळची ती एक फेरी आणि रात्रीचं जेवण, एवढ्यासाठीच ते दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेत असत. ते बाजूला गेले आणि त्यांनी मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक जवळच राहत होता. आला, गळ्यातला चष्मा नाकावर चढवला, गाडीशेजारी आडवा झाला आणि चेनला एक बोट लावलं.

"कुणी ताणली ही?"

धाकट्यांनी खिशातला पाना आणखी आत ढकलला.

"रिकामी गाडी बघून ताणलीय. वर माणूस बसला की मागचा भाग दबतो, चेन आणखी ओढली जाते. म्हणून बोटभर ढील ठेवायची. सीटखाली लिहिलेलंही असतं, पण वाचतो कोण?"

"म्हणजे यांच्या वजनाने नाही झालं?" थोरलीने विचारलं.

"वहिनी, यावर दोन माणसं आरामात बसतात. ज्याने ताणली त्याला चेनमधलं काही कळत नाही, एवढंच."

थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकटे एका झाडाची फळं मोजू लागले. मग थोरले म्हणाले, "मीच ताणली. काल, यांना द्यायच्या आधी."

"तुम्ही?" थोरली म्हणाली. "तुम्हाला साधा बल्ब बदलता येत नाही."

"प्रयत्न केला."

धाकट्यांचा जीव भांड्यात पडला. धाकटी मात्र भाऊजींकडे बघतच राहिली. थोरलीने चहा आणला, सोबत बिस्किटांची बशी, ती अर्थात नवऱ्यापासून सर्वांत दूर ठेवली. मेकॅनिक गाडीखाली खटपट करत होता आणि थोरले निवांतपणे आपला पराक्रम सांगत होते.

"तसं अवघड नसतं हो. मागचे दोन बोल्ट सैल करायचे."

धाकट्यांचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"तेरा नंबरचा पाना घेतला. बरोब्बर बसला."

धाकट्यांना ठसका लागला. धाकटीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि कानात म्हणाली, "गप्प बसा." त्यांनी ओठ घट्ट मिटले. मानेची शीर मात्र ताणून वर आली होती.

"मग चेन थोडी ओढली, की झालं," थोरले म्हणाले. "सगळं मिळून पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांचं?" धाकट्यांनी कप खाली आपटला. "बोल्ट चार असतात, पाना सतराचा लागतो, आणि नुसती दोरी काढायलाच दीड तास जातो."

गाडीखालून मेकॅनिकचं डोकं बाहेर आलं.

"कसली दोरी?"

थोरलीने धाकट्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि बिस्किटांची बशी उचलून नवऱ्यापुढे ठेवली. थोरल्यांनी दोन बिस्किटं एकदम घेतली.

"बसा, साडूभाऊ," ते म्हणाले. "सगळं नीट पहिल्यापासून सांगा. पुढच्या महिन्यात लग्न आहे, तोवर माझं पाठ व्हायला हवं."

धाकटे पुन्हा झाडाची फळं मोजू लागले. शेवटी धाकटीनेच खुर्ची पुढे ओढली.

"अहो भाऊजी, दुपारी दोन वाजले होते..."

"दोन वाजून दहा," धाकटे म्हणाले.