बाजेवरचं पोहणं

माझ्या मन्मथकाकांनी मला पोहायला शिकवलं ते अंगणातल्या बाजेवर. खाली शेणाने सारवलेली जमीन, वर उन्हाळ्याचं आभाळ आणि मध्ये सुंभाच्या बाजेवर पालथी पडून हातपाय मारणारी मी. वय वर्षे दहा.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उदगीरला वाड्याच्या पुढच्या खोलीत त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण ते दुकानात सापडतीलच असं नव्हतं. पहाटे विहिरीवर पोहणं, मग शेताचा फेरा, मग गळ्यातल्या लिंगाची पूजा, मग न्याहारी आणि एवढं उरकून जीव राहिला तर दुकान. बाराही महिने ते अंगणात झोपत. पाऊस आला तर बाज पडवीत ओढत, पण पाय बाहेरच. छपराखाली त्यांना म्हणे श्वास पुरत नसे. गिऱ्हाईक आलं की दारात बसणारा शिंपी बाबूभाई सांगायचा, "सेठ पाण्यात हैत. बसा, न्हाईतर तुम्हीबी जा पोहायला."

पंचक्रोशीतली प्रत्येक विहीर त्यांना ठाऊक होती. कुठली गोड, कुठली मचूळ, कुठल्या विहिरीत तिसऱ्या पायरीवर शेवाळ. आणि घराचा एक कायदा होता : दहावं वर्ष संपायच्या आत प्रत्येक पोराला पोहता आलं पाहिजे, पोरींना तर आधी. पाठीला वाळका भोपळा, कमरेला दोर, दोराचं टोक काकांच्या मुठीत आणि मग पाठीत हात. पोर रडलं तर म्हणत, "सबूर! घाई न्हाई. पाणी कुठं पळून चाललंय?"

या सगळ्याची नोंद दुकानामागच्या कोठीच्या दारावर होती. दाराच्या आतल्या बाजूला खडूने घरातल्या सगळ्यांची नावं आणि ज्याला पोहता आलं त्याच्यापुढे बरोबरची खूण. दर पाडव्याला काका ती अक्षरं पुन्हा गिरवत. मला यादी करायचं वेड लागलं ते या दारामुळे. आज माझ्या फ्रिजवर चार याद्या असतात, त्याचा दोष मी काकांना देते.

यादीत सगळ्यात वरचं नाव काकूंचं : भागीरथी. पुढे जागा कोरी. नाव नदीचं आणि काकू पाण्याला इतक्या भीत की आडाच्या काठाशीही जात नसत. घागर भरून काकाच आणत. भर पेठेतून खांद्यावर घागर घेतलेला दुकानदार बघून लोक हसत. काका त्यांनाच विचारत, "का बरं, तुमच्या खांद्याला काय झालं?"

माझं नाव सगळ्यात खाली होतं आणि माझी पाळी आली तेव्हा पाणी पळून गेलेलं होतं.

लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता आणि आमच्याकडे पावसाने सलग दोन वर्षं दगा दिला होता. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. बाया टँकरमागे धावत होत्या. काकांनी आपलं ते पेटंट वाक्य म्हणायचं सोडून दिलं. त्यातच माझ्या वडिलांची तहसील कचेरीतून लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत बदली झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आम्ही उदगीर सोडणार होतो.

"दादा, लातूरला घरात नळ आहे," वडील म्हणाले. "पोरीला विहिरीचं काय काम?"

"नळाखाली कोणी पोहून दाखवलंय का आजवर?" काका म्हणाले. "सुनी कोरी जाणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणाच्या मध्यावर बाज ओढली. "पड पालथी. भोपळा बांधतो."

"बाजेवर भोपळा?"

"कायदा हाय."

मी हात मारायची, पाय मारायची. काका बाजेभोवती फिरून ओरडायचे, "गुडघा वाकवू नको! बेडूक बघितला न्हाईस का?" खाली परातीत तांब्याभर पाणी ठेवलेलं असे. मान खाली घालून त्यात तोंड बुडवायचं आणि बुडबुडे काढायचे. नंतर ते पाणी म्हशीला.

"अहो, त्यात तिनं नाक बुडवलंय," काकू म्हणायच्या.

"म्हशीला सांगू नको म्हंजे झालं."

बाबूभाई कापड कापता कापता विचारायचा, "क्या मन्मथसेठ, बाजेखाली किती हात पाणी लागलं?"

"तू पड की, बघ लागतं का! सुनी, पाय!"

सुट्टी संपेपर्यंत मी ती बाज चार वेळा तरी पार केली असेन. निघताना मी कोठीपाशी जाऊन उभी राहिले आणि खडू पुढे केला. काकांनी मान हलवली. "पाण्याबिगर खूण न्हाई, बेटा." दारावर दोन जागा कोऱ्या राहिल्या. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची. लातूरपर्यंत मी एसटीत रडत गेले.

पुढच्या साली पाणी झालं. एका रविवारी सकाळी लातूरच्या आमच्या क्वार्टरपुढे काका हजर. काखेत भोपळा, खांद्यावर दोर. "कंडक्टर म्हणला, भोपळ्याचं तिकीट लागंल. मी म्हणलं, मांडीवर घेतो, दूधपितं हाय."

वडिलांच्या एका सोबत्याची विहीर गावाबाहेर होती. काठोकाठ भरलेली, हिरवीगार. मी दोराची गाठ दोनदा तपासली. "बाजेवर होतीस तशीच," काका म्हणाले आणि पाठीत हात बसला. मी खाली गेले, नाकात पाणी गेलं, वर आले आणि हातपाय आपोआप चालू लागले. बघते तर धोतर-सदऱ्यासकट काका माझ्या शेजारी पाण्यात!

"तुम्ही का उडी मारली?"

"उकडत होतं," काका म्हणाले. श्रावणातली सकाळ होती.

आठवड्याने पत्र आलं. "चि. सुनंदा हिस आशीर्वाद. खूण केली." एवढंच.

काका गेल्या वर्षी पाडव्याआधी गेले. भरपूर जगले आणि शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत अंगणातच झोपले. चुलतभावाने कोठी रंगवायला काढली तेव्हा सामान लावायला मी उदगीरला गेले. दार उघडून सवयीने आधी खाली, माझी खूण बघितली. इतक्या वर्षांत जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा तेवढीच बघून परतत होते. या वेळी यादी वरपासून वाचली.

भागीरथी. पुढे खूण.

काकू पडवीत शेंगा सोलत होत्या. "काकू, तुम्ही पोहलात कधी?"

"हाव की. तू लातूरला गेलीस, तवा बाज अंगणातच होती. दुपारी हे म्हणले, आता तरी ये. पाणीच न्हाई तर भ्यायचं कशाला? मग वाड्याचं दार लावलं, पदर खोचला आन् पडले बाजेवर. परातीत बुडबुडेबी काढले." त्या हसल्या. "लगेच खूण केली त्यांनी."

"आणि कायदा?"

काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. "लग्नाच्या पहिल्या साली आडात पडले होते मी. गड्यानं काढलं. हे काठावर उभे. पोहता येत नव्हतं त्यांना. दुसऱ्या दिवशी भोपळा बांधून पोरासोरांत शिकायला गेले, मिशा फुटलेला बाप्या. खुणेचं मीबी विचारलं. तर म्हणले, सगळ्यांना ढकलतो, पर तुला पाण्यात उतरवायची हिंमत न्हाई माझ्यात. तुला एवढ्यावर पास."

म्हणजे दर पाडव्याला काका ती खोटी खूणही गिरवत होते.

चुलतभावाला सांगितलं, सगळी कोठी रंगव, हे दार सोड. दोन पाडवे कोणी हात न लावल्याने अक्षरं पुसट झाली होती. बाबूभाईच्या नातवाच्या दुकानातून खडू आणला आणि वरून सुरुवात केली. भागीरथीपुढची खूण जरा वाकडी होती. ती तशीच गिरवली.