वरून मोजलेलं पाणी

ओट्यावर पाण्याचे चार पेले ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकात एकेक अंडं होतं. पहिल्यातलं तळाशी आडवं पडलं होतं, दुसऱ्यातलं तळाशीच पण उभं, तिसऱ्यातलं अधांतरी, आणि चौथ्यातलं पार वर येऊन निवांत तरंगत होतं. बीकरकाका चौथ्या पेल्याकडे भान हरपून बघत होते.

"मिठाचा डबा रिकामा कसा?" काकूंनी मागून विचारलं. "काल संध्याकाळीच भरला होता मी."

"कॉलेजचा प्रयोग आहे."

"रविवारी?"

"विज्ञानाला रविवार नसतो."

"मला असतो. आणि भाजीत काय घालू? विज्ञान?"

काका पायात चपला सरकवून मीठ आणायला निघाले. पण चेहरा फुललेला होता. चोवीस वर्षांचा घोर त्या चौथ्या पेल्याने मिटवला होता.

बीकरकाका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. हे नाव पोरांनी ठेवलेलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून काचेचं एकही भांडं फुटलं नव्हतं आणि तोंडून एकही आकडा अंदाजे निघाला नव्हता. "साधारण दहा" असं कोणी म्हटलं की ते "साधारण म्हणजे किती?" असं विचारायचे. अशा माणसाने आयुष्यात एकच थाप मारली होती, आणि तीही भलत्या जागी.

काकूंचं माहेर म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यांचं घर. लग्नाची बोलणी चालू असताना सासऱ्यांनी सहज विचारलं होतं, "पोहता येतं ना?" नुसतं "थोडंफार" म्हणून भागलं असतं. पण समोरच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या, त्या काकांना फार म्हणजे फार आवडल्या होत्या, आणि घाबरलेल्या काकांच्या तोंडून निघून गेलं, "कॉलेजचं पदक आहे." तेव्हापासून ते पदक सासरी सगळ्यांच्या तोंडी होतं. काकांचा पाण्याशी संबंध मात्र बादली आणि तांब्यापुरताच होता. कधी कान दुखला, कधी सर्दी झाली, कधी तलावाचं पाणी अशुद्ध निघालं. थाप मारायला क्षण पुरतो, पोसायला जन्म लागतो.

आणि आता काकूंचा धाकटा भाऊ येत होता. तो पोहण्याचा कोच होता. पाळण्यातल्या बाळाशीही तो शिट्टी फुंकल्यासारखं बोलायचा.

"भावोजी, नवा तरणतलाव बांधलाय मी!" फोन कानापासून वीतभर लांब धरूनही काकांना स्पष्ट ऐकू येत होतं. "पण उद्घाटनाआधी तुमच्याबरोबर पाण्यात उतरणार. या खेपेला सोडत नाही."

"माझा कान जरा..."

"चोवीस वर्षं? भावोजी, एवढ्यात माणसाला नवा कान फुटला असता!"

काकांना बुडण्याची भीती वाटत होतीच. पण काकूंच्या मनातून उतरण्याची त्याहून जास्त वाटत होती. त्याच आठवड्यात कॉलेजच्या फलकावर त्यांना एका सहलीचं पत्रक दिसलं. सकाळी बेट, दुपारी खारं तळं, सोबत अनुभवी मार्गदर्शक. शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा वाचलं: 'या तळ्यात कोणीही बुडत नाही.' पत्रकावर विसंबून राहणाऱ्यांतले ते नव्हते, म्हणून घरी अंड्यांचा प्रयोग केला. साध्या पाण्याची घनता एक, समुद्राची थोडी जास्त, आणि तळ्याची एक पूर्णांक दोन. एवढ्या खाऱ्या पाण्यात माणूस ठरवूनही बुडू शकत नाही. काकांनी तीन जागा नोंदवल्या आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

*

होडीवर चौदा प्रवासी होते आणि एक गाईडबाई. बाई चाळिशीच्या, ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या. आवाज चढवायची त्यांना गरजच पडत नव्हती. त्यांनी आधी सगळ्यांची घड्याळं आपल्या घड्याळाशी जुळवून घेतली, मग प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत माणसं मोजली, आणि मग उलट्या क्रमाने पुन्हा मोजली. दोनदा मोजणारं माणूस काकांना फार दिवसांनी भेटत होतं. त्यांना बाईंबद्दल एकदम आदर वाटला.

"मघापासून पाण्याकडे बघताय तुम्ही," काकांनी विचारलं. "त्यात काय दिसतं?"

"रंग. हिरवट तिथे वाळू, काळपट तिथे खडक. आणि जिथे उगाच चकाकतंय, तिथे जायचं नाही."

काका आणखी विचारणार, एवढ्यात कोचने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "बाई, यांची काळजी करू नका हं. भावोजी चॅम्पियन आहेत. पदक आहे!"

सगळ्या होडीने वळून पाहिलं. गाईडबाईंनीही पाहिलं, पण काकांच्या चेहऱ्याकडे नाही. होडीचा कठडा धरून काकांची बोटं पांढरी पडली होती. तिकडे क्षणभर बघून त्या नांगराकडे वळल्या.

बेटाजवळ ओहोटी होती. होडी किनाऱ्याला लागेना. "कंबरभर पाणी आहे. चालत जायचं, माझ्या मागून," बाई म्हणाल्या. एका आजींनी आपली पिशवी काकांच्या हातात दिली. "तुम्ही धरा हो. तुमच्या हातातून पडली तर तुम्ही बुडी मारून काढाल तरी." युक्तिवाद बिनतोड होता. तो ऐकून बाकीच्यांनाही पटला. दोन मिनिटांत काकांच्या अंगावर सात पिशव्या, दोन कॅमेरे, एक दुर्बीण आणि कुणाच्या तरी नातवाचे बूट लटकत होते. दोन्ही हात आकाशाकडे करून, गॅस गळतोय का बघावं तसं एकेक पाऊल टाकत, ते कंबरभर पाणी पार करत राहिले. कोच तोवर बेटाला अर्धी फेरी मारून आला.

"भावोजी, तुम्ही चालत?"

"सामान आहे ना माझ्याकडे," काका म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांना ओझ्याचा आधार वाटत होता.

बेट मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारं होतं. दगडांच्या खोबणीत पक्ष्यांनी घरटी केली होती आणि प्रत्येक घरट्यातलं अंडं खडकाच्याच रंगाचं होतं. बाईंनी बोट दाखवेपर्यंत एकही दिसत नव्हतं, आणि दाखवल्यावर पाऊल कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. काकूंनी चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालू लागल्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले. या बाईसाठी मारलेली थाप आपण पुन्हाही मारली असती, असं त्यांना वाटून गेलं.

*

होडीतून उतरून थोडं चालल्यावर खारं तळं दिसलं. काठाला मिठाची पांढरी किनार होती, पलीकडे रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग, आणि पाणी असं स्थिर की आभाळाला वर-खाली दोन्हीकडून इस्त्री केल्यासारखं वाटत होतं.

"तीन गोष्टी," लाकडी फलाटावर उभ्या राहून बाई म्हणाल्या. "उडी मारायची नाही, पाणी गिळायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत."

काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला हायड्रोमीटर काढला. घनता मोजायची ती काचेची नळी ते प्रयोगशाळेतून रीतसर वहीत सही करून घेऊन आले होते. फलाटाच्या कडेला ओणवं होऊन त्यांनी नळी पाण्यात सोडली. ती टुणकन वर यायला हवी होती. ती गळ्यापर्यंत बुडाली.

काकांनी पुसून पुन्हा सोडली. पुन्हा तेच. एक पूर्णांक शून्य शून्य चार. बोट बुडवून जिभेला लावलं. जेमतेम खारट. हे कसलं खारं तळं? ही तर साधी विहीर झाली!

"चला भावोजी! आधी तुम्ही."

"माझा कान..."

"आता कान?" कोच हसला. मागे बारा प्रवासी कॅमेरे काढून उभे होते. आजींनी नीट दिसावं म्हणून चष्मा पुसून घेतला. "बरं, मी दाखवतो, मागून या!" आणि बाई "अहो, उडी नका..." म्हणेपर्यंत कोचने हात जोडून सूर मारला.

सूर झकास होता. कोच पाण्यात शिरला, आणि खालून कोणीतरी परत ढकलून द्यावं तसा पाय वर करून बाहेर आला. त्याने ओरडायला तोंड उघडलं, त्यात पाणी गेलं. डोळे झोंबले, म्हणून त्याने ते चोळले. बाईंचे तिन्ही नियम त्याने अर्ध्या मिनिटात, दिलेल्या क्रमाने मोडले. मग डोळे मिटून तो हातपाय झाडू लागला. पण छातीवर वळायला गेला की पाय वर, आणि पाय खाली दाबले की पाठ वर. शेकडो पोरांना तरायला शिकवलेला माणूस उलट्या झुरळासारखा गोल फिरत होता.

"चॅम्पियन, बघताय काय? काढा त्याला!" आजी ओरडल्या.

काकांनी कोचकडे पाहिलं, मग मागे काकूंकडे. भावाकडे बघून काकूंचा चेहरा उतरला होता. एक पूर्णांक शून्य शून्य चार. हा आकडा त्यांनी दोनदा पडताळला होता, आणि दोनदा पडताळलेला आकडा काकांच्या आयुष्यात कधी चुकला नव्हता. म्हणजे आपण बुडणार, हे त्यांच्या दृष्टीने सिद्ध झालेलं होतं. त्यांनी चष्मा काढून काकूंच्या हातात दिला.

"अहो..." काकू म्हणाल्या.

"नळी कॉलेजची आहे," काका म्हणाले. "परत करा." आणि फलाटावरून सरळ पाण्यात पाऊल टाकलं.

ते नाकापर्यंत खाली गेले. मग थांबले. मग सावकाश वर आले आणि खांद्यांपाशी स्थिर झाले. पायाखाली काही नव्हतं, हात नुसते बाजूला पसरलेले, आणि काका बसथांब्यावर उभं राहावं तसे पाण्यात उभे होते. फलाटावरून "वाहवा!" उठली.

"दोर घ्या," गाईडबाईंचा शांत आवाज आला आणि दोराचं टोक अचूक त्यांच्या तळहाताशी पडलं. "दुसरा हात त्यांना द्या. तुम्ही काही करू नका."

काही न करणं काकांना उत्तम जमत होतं. त्यांनी कोचचं मनगट धरलं आणि बाईंनी दोघांना ओढून घेतलं. वर घेताच त्यांनी कोचचे डोळे कॅनमधल्या गोड्या पाण्याने धुतले. सगळं इतक्या बिनबोभाट झालं की रोहित पक्ष्यांनी माना वर केल्या नाहीत.

काका टॉवेल गुंडाळून बसले तेव्हा बाई शेजारी उकिडव्या बसल्या. "परवा डोंगरात पाऊस झाला," त्या हळूच म्हणाल्या. "ओढ्याचं गोडं पाणी हातभर वर पसरलंय. खाली मीठ होतं तसंच आहे. नळी वरच्या वर बुडवलीत तुम्ही. पाणी खालून मोजायचं असतं."

एकतीस वर्षं विद्यार्थ्यांना "नमुना सगळ्या थरांतून घ्या" सांगणारे काका कानापर्यंत लाल झाले. "तुम्हाला कधीपासून कळलं होतं? माझं?"

"कठडा धरलात तेव्हाच," बाई म्हणाल्या आणि माणसं मोजायला उठल्या. एकदा सुलट, एकदा उलट.

*

परतीच्या होडीत कोच लाल डोळ्यांनी काकांसमोर बसला होता. आवाज पहिल्यांदाच माणसासारखा झाला होता. "भावोजी, मी पैजेवर सांगतो, असं उभं तरंगणं मी कुठे पाहिलं नाही. हात नाही, पाय नाही. नुसतं ध्यान!"

काकांना आता ओझं सोसेना. मरायला निघून परत आलेल्या माणसाने थाप कशाला लपवायची, असं त्यांचं मन म्हणालं. "हे बघ," ते म्हणाले. "मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. पदकबिदक काही नाही."

मग कोच उठला आणि काकांच्या पाया पडला.

"याला म्हणतात विनय!" तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "एवढं करून माणूस म्हणतो, येत नाही!" आजींनी डोळे टिपले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

"अरे, खरंच सांगतोय! गोडं पाणी वर होतं, खारं खाली होतं, घनता..."

"आणि श्रेयसुद्धा पाण्याला! ठरलं भावोजी. तलावाचं उद्घाटन तुमच्याच हस्ते. महिनाभराने, पहिली उडी तुमची. साध्या पाण्यात, सगळ्या पोरांसमोर."

सगळी होडी कोचभोवती गोळा झाली. काका मागच्या बाकावर जाऊन बसले. काकू शेजारी आल्या आणि त्यांनी काकांचा चष्मा पदराने पुसून त्यांच्या हातात दिला.

"तू तरी विश्वास ठेव," काका रडकुंडीला येऊन म्हणाले. "मला खरंच पोहता येत नाही."

"माहितीये की," काकू म्हणाल्या. "लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हाच कळलं. टाकीत साबण पडला, तर तो काढायला तुम्ही प्रयोगशाळेतून चिमटा आणलात."

"मग इतकी वर्षं माहेरी पदकाचं कौतुक..."

"माझ्यासाठी थाप मारणारा दुसरा कोणी भेटला नव्हता मला." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "उद्यापासून पहाटे सहाला उठायचं. महिना पुरेल. मी शिकवते."

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. या बाईला काहीतरी मोठं द्यावं असं वाटलं, आणि त्यांच्याजवळ देण्यासारखी एकच गोष्ट होती. ते खाकरले. "मघाचं का झालं, सांगू तुला? नीट सांगतो. समज, दोन थर आहेत, आणि वरच्या थराची घनता..."

"नको," काकू हळूच म्हणाल्या. "आता खरं बोलायचं ठरलंच आहे, तर ऐका. बोलणी चालू होती तेव्हा मीही म्हटलं होतं ना, मला भौतिकशास्त्र फार आवडतं?"

"म्हटलं होतंस," काका म्हणाले.

"चोवीस वर्षं मान डोलावतेय," काकू म्हणाल्या. "एक अक्षर कळत नाही. फिट्टंफाट."