राणी, राजा, घोडा आणि वरचे पाच इंच

जुनं पोस्टर कमळाकरला नुसत्या वासावरून ओळखता येतं, असं आसनगावात कुणीही सांगेल. सांगेलच! कमळाकरनेच ते सगळ्यांना सांगून ठेवलंय.

"डोळ्यांनी काय, कुणीही शोधतो," तो म्हणतो. "आपण वासावर जातो!"

भातसानगरच्या धरणाच्या ऑफिसात नोकरी करायची आणि सुट्टी आली की मोटरसायकल काढून शहापूर-मुरबाडची गावं पालथी घालायची, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. सिनेमाची पोस्टरं, गाण्यांच्या चोपड्या, थिएटरबाहेर लावायचे फोटो यांनी घर भरलं होतं. बायकोने, म्हणजे चंदाने, भाकरीसाठी परात ओढली की परातीमागून एखादा खलनायक तिच्यावर डोळे वटारायचा.

"मला तरी त्याची सवय झाली," चंदा म्हणायची, "पण पाहुणे दचकतात हो!"

यंदा कमळाकरने शहापुरात हॉल घेऊन रविवारी प्रदर्शनच जाहीर केलं. इथवर ठीक होतं. पण कल्याणचा अनिल हाही संग्राहक, आणि त्याने ग्रुपवर लिहिलं, "टुरिंग टॉकीजचे हाताने रंगवलेले कापडी बॅनर संपले. आता कुणाकडे एकही शाबूत नाही."

कमळाकरने मिशीला पीळ दिला आणि उत्तर ठोकलं, "रविवारी या. बारा फुटी दाखवतो. अखंड!"

एवढ्या बढाईला कारण होतं. आदल्याच दिवशी मुरबाडच्या बाजारात वालाच्या शेंगा घेताना विकणाऱ्या रखमीवैनीने, तो काय जमवतो हे ऐकून, आपणहून सांगितलं होतं, "आमच्या सासऱ्याला म्हशाच्या जत्रेतल्या टॉकीजवाल्यानं जाताना दिलेला एक. कापडाचा! बारा फूट लांब! राणी हाय, राजा हाय, घोडा हाय. या की बघायला. पन लवकर या, भाऊ."

गुरुवारी कमळाकर बदल्यात द्यायला तीन नव्या कोऱ्या ताडपत्र्या घेऊन म्हशापलीकडच्या त्या वाडीत हजर! देवराम, म्हणजे रखमीचा नवरा, अंगणातच होता. पेंढ्याच्या उडवीवर झाकलेलं कापड त्याने दाखवलं. तेलरंगात रंगवलेला राजाचा चेहरा! मिशी तर अशी की तिच्यावर टॉवेल वाळत घालावा.

"आणि राणी? घोडा?"

देवरामने शेजारच्या दोन घरांकडे नुसती हनुवटी हलवली. "वाटनीत गेली."

मग सगळा उलगडा झाला. बाप गेल्यावर तिघा भावांच्या तीन चुली झाल्या. हंडे वाटले, विळे वाटले, फणसाच्या झाडाच्या फांद्यासुद्धा वाटल्या. शेवटी बॅनर उरला. तोही उभा कापला. मधला राजा थोरल्या देवरामला, डावीकडची राणी मधल्या भगीरथला, उजवीकडचा घोडा धाकट्या कोंडूला. तेवढ्यात कोंडू म्हणाला, दादाचा तुकडा रुंद आहे. देवराम म्हणाला, नाय. त्या दिवसापासून अठरा वर्षं तिघांनी एकमेकांच्या अंगणात पाय ठेवला नव्हता.

दुसरा कुणी असता तर घरी गेला असता. कमळाकर थेट भगीरथकडे गेला! तिथे दारात मांडव उभा राहत होता, भगीरथच्या मुलीचं, भाग्यश्रीचं, रविवारी लग्न होतं. राणी न्हाणीच्या दाराला टांगलेली होती. कोंडूकडे घोडा मोटरसायकलवर पांघरलेला.

"ताडपत्री घ्या, कापड द्या!" कमळाकरने तिघांनाही तेच सांगितलं. आणि नवल म्हणजे तिघेही लगेच कबूल झाले! अट मात्र तिघांची एकच.

"तुमी तुकडं जोडाल तवा मी समोर पायजे."

कमळाकरला गहिवरून आलं. रक्ताचं नातं ते! त्या रात्री त्याने ग्रुपवर टाकून दिलं, "कलेनं मनं जोडली जातात."

शनिवारी सकाळी जुन्या खळ्यावर तिघे तीन वाटांनी आले, आणि तीन कोपऱ्यांत उभे राहून आभाळाकडे बघू लागले. रखमी पदर खोचून मध्ये उभी. कमळाकरने राणी अंथरली, तिच्याशेजारी राजा, त्याच्याशेजारी घोडा. कडेला कड लागली. राजाच्या मुठीतला लगाम बरोब्बर घोड्याच्या तोंडात गेला!

कोंडू हळूच दोन पावलं पुढे आला.

"बाबा मला या घोड्यावर बसवायचा," तो म्हणाला. "खाली अंथरून. आठवतं, दादा?"

"तू राजाच्या मिशीवर मुतला व्हतास," देवराम म्हणाला.

भगीरथ हसला. अठरा वर्षांत ते तिघे पहिल्यांदा एका जागी हसले होते, आणि कमळाकरचे डोळे खरोखरच भरून आले. इथेच त्याने बॅनर गुंडाळून गाडीला बांधला असता तर ही गोष्टही इथेच संपली असती. पण गप्प बसेल तो कमळाकर कसला!

"लांबी नोंदवून घेऊ," तो ऐटीत म्हणाला. "संग्राहकाच्या खिशात टेप हवाच!" आणि त्याने टेप काढला.

तिन्ही भावांच्या माना एकदम वळल्या.

"द्या हिकडं!" कोंडूने टेप हिसकावला. "घोडा, चार फूट!"

"राणी, चार फूट!" भगीरथ ओरडला.

"राजा..." कोंडूचा आवाज चिरकला. "चार फूट पाच इंच! मी काय म्हनत व्हतो? अठरा वर्सं काय म्हनत व्हतो मी?"

"धुवून ताणला आसंल!" देवराम गरजला.

"तुजाच बरा ताणला?"

आवाज चढले. कुत्री भुंकू लागली. भगीरथने बाह्या सरसावल्या. "आता कमळाकरभाऊच पंच! न्याव झाल्याबिगर कापड हलनार नाय!"

"अहो, पण उद्या माझं प्रदर्शन..." कमळाकर राजावर आडवाच पडला. "काहीही करा, पण कापू नका! सिनेमाच्या इतिहासात असा..."

त्याला तिघांनी उचलून बाजूला ठेवलं.

"पाच इंच मी सोडतो," देवराम म्हणाला, "पन या दोघांना देनार नाय. मेलो तरी!"

"आमाला नकोच तुजं," दोघे म्हणाले. "पन तुज्याकडं ऱ्हाता कामा नये."

तेव्हा रखमी पुढे झाली. "मग पंचाला द्या. पंचाचा मान!" आणि तिने कमरेची कात्री काढून घोड्याच्या बाजूने राजा सरळ पाच इंच कापला. एक कान, मिशीचं टोक आणि लगाम धरलेली मूठ तिने कमळाकरच्या हातात ठेवली.

"झाली का सारखी वाटनी?" ती दिरांवर डाफरली. "आता आपली भाग्यश्री उद्या बोहल्यावर चढनार. चुलते मांडवात नसले तर लोक काय म्हनतील? बाबांचा बॅनर बोहल्यामागं लावू. आख्खा!"

देवराम खाली बघत म्हणाला, "बोलावलंय कुनी?"

"मी बोलवतो," भगीरथ म्हणाला. "दादा, ये."

मग कोण रडत होतं आणि कोण कुणाच्या गळ्यात पडलं, हे कमळाकरला नीट दिसलं नाही, कारण तोही रडत होता. त्याची कारणं मात्र वेगळी होती. ताडपत्र्या परत मागायचंही त्याच्याने झालं नाही. घरी परतताना मात्र त्याच्या मनात आलं, खळ्यावर येताना कमरेला कात्री लावून कोण येतं?

रविवारी शहापूरच्या हॉलमध्ये मोठ्या भिंतीवर पाटी होती, 'बारा फुटी अखंड बॅनर'. पाटीखाली पाच इंचांची पट्टी लटकत होती. अनिल कल्याणहून खास आला. त्याने पट्टीच्या डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"बाकीचा कुठंय?"

कमळाकरची छाती इंचभरही आत गेली नाही. "बाकीचा लग्नाला गेलाय."

तेवढ्यात फोन वाजला. रखमीवैनी! मागे सनई आणि तिन्ही भावांचे आवाज.

"भाऊ, घोटाळा झाला! मूठ नाय ना, मांडवात घोडा सुटल्यागत दिसतोय! नवऱ्याकडची मानसं इचारतात. पट्टी घेऊन या. पंगत थांबवलीय!"

कमळाकरने पट्टी भिंतीवरून काढली आणि अनिलकडे वळून म्हणाला, "बॅनर असा हॉलमध्ये बघायचाच नसतो. चला म्हशाला, जागेवर दाखवतो. अखंड!"

अनिल निघालासुद्धा. चंदा मोटरसायकलवर मागे बसली आणि तिने विचारलं, "लग्नाला चाललोय, आहेर काय घेतलात?"

कमळाकरने काखेतल्या गुंडाळीकडे बघितलं. मग किक मारली, म्हणजे पुढचं बोलणं फारसं ऐकू जाऊ नये.

"हाच की," तो म्हणाला.