पाठमोरी बोलणी

आमच्या घरात मी ठरवलेली गोष्ट चुकत नाही. मी पदार्थविज्ञान शिकले आहे, प्रयोगशाळेत काम करते, आणि प्रयोगाला हात घालण्याआधी काय काय बिघडू शकेल याचा विचार करून ठेवते. म्हणून नणंदेला योग्य पगार मिळवून देण्याचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. निदान मला तरी तो सुटकेचाच वाटला!

माझी नणंद वेल्डर आहे. घरात तिला ठिणगी म्हणतात. हे नाव ती वेल्डिंग शिकण्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे, तिच्याशी दोन मिनिटं बोललं की ते पटतं. जमिनीवर उताणं पडून, डोक्यावरच्या पाइपला खालून जोड मारायचा, ही तिच्या धंद्यातली सर्वांत अवघड परीक्षा. ती तिने पहिल्या झटक्यात पार केली. मोठ्या कारखान्यातली चाचणीही पास झाली. आणि नोकरीचं बोलावणं आलं ते हेल्पर म्हणून! म्हणजे जोड तिने मारायचे आणि पगार घ्यायचा तो सळ्या उचलून देणाऱ्याचा. हो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"सळ्या उचलण्यात कमीपणा नाही, वहिनी," ठिणगी म्हणाली. "पण मग मला सळ्याच उचलू द्या ना! वेल्डिंग कशाला करून घेता?"

"तू शांत राहा. कारखान्याच्या त्या साहेबांना मी आज घरी चहाला बोलावलंय."

"कशाला?"

"घरातला पलंग तुझा, जिन्याचा कठडा तुझा, खिडकीची जाळी तुझी. ते सगळं बघतील. काम स्वतःच बोलेल. आणि पगाराचा विषय निघाला की फक्त मी बोलेन."

"तू? तुझ्या साहेबांकडे कधी पगारवाढ मागितली आहेस?"

"हा प्रश्न विषयाला धरून नाही," मी म्हणाले.

इथे आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. ठिणगी घरी काम करते तेव्हा ठिणग्या उडवण्याआधी ती "डोळे!" असं ओरडते. ते ऐकलं की जो जिथे असेल त्याने तिथेच भिंतीकडे तोंड करायचं, डोळे मिटायचे आणि "झालं!" म्हणेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. तोंड बंद ठेवण्याचं कलम मागाहून आलं. एकदा सासूबाईंनी भर कामात "भात लावू का गं?" असं विचारलं आणि स्टुलाचा चौथा पाय शेजाऱ्यांच्या दिशेने गेला. ते स्टूल अजून घरात आहे. कुठल्याही क्षणी निघून जाईल असं उभं असतं. तेव्हापासून हा नियम आमच्या इतका अंगात मुरला आहे की "डोळे!" म्हटल्यावर आमची मांजरसुद्धा पाठ करून बसते.

तर साहेब आले. गोलमटोल, इस्त्री केलेले, आणि समोरची प्रत्येक वस्तू आपण उसनी दिली होती अशा नजरेने बघणारे! पलंग त्यांनी हलवून पाहिला. कठड्याला टिचकी मारली. मग खिडकीपाशी गेले.

"बाई, मी आधी जोड तपासायचं काम करायचो," ते मला म्हणाले. "समोरून सगळेच जोड देखणे असतात. जोड बघावा तो मागून!"

आणि त्यांनी जाळीतल्या लोखंडी वेलीच्या वळणातून हात पलीकडे घातला. कोपरापर्यंत घातला, बोटांनी जोडाची मागची बाजू चाचपली. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अरेच्चा! मागूनही भरलाय की!"

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. प्रयोग यशस्वी! मग साहेबांनी हात मागे घेतला. म्हणजे घ्यायला गेले. हात आला नाही!

"जरा... अडकलाय वाटतं," ते हसून म्हणाले.

त्यांनी हिसका दिला. हात तिथेच. पुन्हा हिसका दिला. हसू गेलं, हात तिथेच.

"अगं बाई! थांबा, तेल आणते," म्हणत सासूबाई धावल्या. त्यांनी तेल ओतलं. मग तेलाला मदत व्हावी म्हणून वर साबणाचं पाणी ओतलं. साहेबांची बाही, पँट आणि एक बूट चकचकीत झाले. मांजर येऊन तो बूट चाटू लागली. हात मात्र जागचा हलला नाही.

"आई, याला शास्त्रीय उपाय हवा," मी म्हणाले आणि बर्फ आणला. "थंड केलं की वस्तू आकसते. साहेब, तुमचा हात आकसेल."

"बरं, बरं. लवकर करा."

"आणि लोखंड तापवलं की पसरतं. तेव्हा एकीकडे हाताला बर्फ लावायचा आणि दुसरीकडे गज थोडा तापवला, तर..."

"गज तापवणार? माझा हात आत असताना?"

"अगदी थोडा! गणित करून सांगते."

"वहिनी!" ठिणगी ओरडली. मी गणित सोडून दिलं.

एवढ्यात सासरे बाहेरून फिरून आले. आमची खिडकी रस्त्याकडे उघडते. रस्त्यावरून त्यांना काय दिसलं? आपल्या खिडकीतून एक प्रतिष्ठित हात बाहेर आला आहे! आज साहेब येणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो हात आनंदाने दोन्ही हातांत धरला आणि घुसळला.

"अभिनंदन! म्हणजे ठरलं तर! पोरगी आमची सोन्यासारखी आहे हो!"

"आई गं!" साहेब आतून किंचाळले.

"अहो, सोडा तो हात!" सासूबाई खिडकीतून ओरडल्या. "साहेब अडकलेत!"

"अडकणारच! असा कारागीर मिळाल्यावर जातील कुठे?" सासरे म्हणाले, आणि आणखी एकदा घुसळून मगच घरात आले.

हात आता सुजला होता. माझ्या योजनेत वस्तू बोलणार होत्या, आणि बोलत होते ते एकटे साहेब. तेही आम्हाला ऐकवणार नाही असं! संध्याकाळ होत आली होती. हेल्परची नोकरीसुद्धा तेला-साबणाबरोबर वाहून गेली असं मला वाटू लागलं. ठिणगीकडे बघवत नव्हतं.

ठिणगीने मात्र जाळी नीट न्याहाळली आणि म्हणाली, "कापावं लागेल."

साहेब पांढरेफटक पडले. "डॉक्टरांना तरी विचारा!"

"जाळी हो, साहेब! हात नाही!"

तिने कटर आणला. हाताभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, मध्ये पत्रा सरकवला, साहेबांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. हातापासून लांब, चौकटीजवळचा जोड हेरला. कानांवर आवाज रोखणारी कानटोपी घातली आणि ओरडली, "डोळे!"

सासरे, सासूबाई, मी, तिघांनीही गर्रकन भिंतीकडे तोंड केलं. कटर किंचाळू लागला.

साहेबांना आमचा नियम कुठला माहीत? त्यांना दिसल्या त्या तीन पाठी. मांजर धरून चार!

कटर मध्ये जरा थांबला, तेव्हा साहेबांचा आवाज आला, "हे बघा, रागावू नका! हेल्परच्या पगारावर थोडं वाढवून देतो. चालेल?"

माझ्या जिभेवर "चालेल!" आलं होतं. खरंच सांगते, मी तेवढ्यावर पेढ्यासारखी विरघळले होते! पण "झालं!" आलं नव्हतं. मी ओठ मिटून भिंतीचा रंग आठवत राहिले. कटर पुन्हा सुरू झाला.

पुन्हा थांबला. "बरं, अजून थोडं! अहो, निदान वळून तरी बघा माझ्याकडे!"

सासूबाईंचा श्वास जोरात चालला होता. सासऱ्यांनी भिंतीवर कपाळ टेकलं. कुणी वळलं नाही. कटर ओरडला. चौकट कुरकुरली.

"ठीक आहे! ठीक आहे!" साहेबांचा आवाज चिरकला. "वेल्डर म्हणूनच घेतो! बाकीच्या पक्क्या वेल्डरना देतो तेवढाच पगार! याच्यावर मात्र एक पैसा नाही!"

खण्ण! लोखंड खाली पडलं.

"झालं!" ठिणगी म्हणाली. आम्ही वळलो. साहेब मोकळा हात चोळत उभे होते, आणि ठिणगी कानटोपी काढून विचारत होती, "काय म्हणत होतात, साहेब? मला काही ऐकू येत नव्हतं."

साहेबांनी आमच्याकडे बोट दाखवलं. सुजल्यामुळे ते बरंच मोठं दिसत होतं. "काय कडक माणसं आहेत तुमच्या घरची! पगाराचं बोललो की पाठ फिरवतात!"

मी तोंड उघडणार, तोच ठिणगीने सगळा नियम सांगून टाकला. डोळे, भिंत, तोंड, स्टुलाचा पाय, सगळं. मला वाटलं, संपलं. हातातोंडाशी आलेला घास गेला!

साहेबांनी वाकून जाळीचा कापलेला तुकडा उचलला आणि कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. आत कुठे भोक नाही, कुठे भेग नाही.

"खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "असा जोड मारणाऱ्याचा पगार तेवढाच असतो. सोमवारपासून या. वेल्डर म्हणून."

"मग हे आधीच का नाही म्हणालात?" ठिणगीने विचारलं.

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. "आधी कुणी पाठ फिरवली नव्हती," ते म्हणाले, आणि तेलकट बूट पचपचवत निघून गेले.

आता ठिणगी त्या कारखान्यात पक्की वेल्डर आहे. तिच्याबरोबर शिकलेल्या आणखी दोघींना तिथून बोलावणं आलं, तेही सरळ वेल्डर म्हणूनच. खिडकीला नवी जाळी बसली आहे. तिची वळणं मुद्दाम बारीक ठेवली आहेत.

आणि माझं म्हणाल तर, शास्त्रात एक तत्त्व आहे. प्रयोग एकदा जमून उपयोग नाही, तो पुन्हा करून पाहावा लागतो. म्हणून परवा मी प्रयोगशाळेत माझ्या साहेबांच्या खोलीत गेले, पगारवाढीचा विषय काढला, आणि त्यांनी "बघू" म्हणताच वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. डोळे मिटले. ओठ मिटले.

मग साहेबांनी काळजीने विचारलं, "बाई, चक्कर येतेय का?"

अर्ध्या दिवसाची रजा मिळाली. बिनपगारी!