दीपगृहाच्या बेटावर माशी का नाही

माश्या मोजण्यात आमच्या प्रयोगशाळेत माझा हात धरणारं कोणी नाही. तिळाएवढी माशी, पाच बेटं, प्रत्येक बेटावर सहा बाटल्या, बाटलीत आंबलेलं केळं. दर महिन्याला होडीनं जायचं, बाटल्या आणायच्या, भिंगाखाली मोजायचं. वर्षाचा तक्ता भरला तरच माझी नेमणूक पुढे चालू राहणार होती.

उन्हाळ्यात चार बेटांवरचे आकडे हजारांत गेले. दीपगृहाच्या बेटावर मात्र सलग तीन महिने शून्य! प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तर 'समुद्री वारा आणि माशी' यावर अकरा पानं लिहूनही टाकली. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, महिनाभर बाटलीत असलेलं केळं पिवळंधमक होतं. म्हणजे कोणीतरी ते बदलत होतं.

त्या बेटावर अधूनमधून जाणारा माणूस एकच, होडीवाला. आणि तो सतत काहीतरी चघळत असायचा.

"काका, बाटलीतलं केळं खाऊन नवं तुम्ही ठेवता?"

"सडकं? ताई, मला घरी जेवायला मिळतं."

उत्तर जरा जास्तच तयार वाटलं. पुढच्या खेपेला मी न कळवता एक दिवस आधीच गेले. दीपगृहाचे राखणदार आजोबा नळाशी बसून माझ्या बाटल्या घासत होते.

"अहो, हे काय?"

"तुम्ही उद्या येणार होतात ना?" आजोबा ओशाळले. "एवढ्या लांबून येता आणि आत ही घाण. बरं दिसतं का? दर वेळी धुऊन ताजं केळं घालून ठेवतो."

"आजोबा, ती घाणच मला हवी असते. माझी नोकरी त्या माश्यांवर आहे."

त्यांचा चेहरा पडला. पुन्हा बाटल्यांना हात लावणार नाही, असा त्यांनी शब्द दिला.

पुढच्या महिन्यात बाटल्या गच्च. मी हरखून भिंग लावलं. निम्म्या घरमाश्या, चार गांधीलमाश्या आणि एक झुरळ. तडक फोन केला.

"आजोबा, बाटल्यांना हात लावलात?"

"छे, शब्द म्हणजे शब्द. माश्या नुसत्या वरून टाकल्या. स्वयंपाकघरातल्या आहेत. पुरल्या ना, की अजून धरू?"

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी आपली अकरा पानं खणात सारली. मग म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण वर्ष मोजा."

म्हणजे नेमणूक वर्षभर वाढली. घरी मी एवढंच सांगितलंय की, माझं काम पाहून वाढवली.