कंट्रोलर ठरेपर्यंत

माणसाची योग्यता त्याने काय केलं यावरून ठरत नाही. करण्याआधी त्याने किती विचार केला, यावरून ठरते. करणं काय, कुणालाही जमतं. आमच्या खोऱ्यातल्या घरगुती सीएनसी मंडळाचा चिटणीस या नात्याने हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. (मंडळ नोंदणीकृत आहे. आम्हा दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियन लोकांत चार माणसं एका बाकावर बसली की आधी घटना लिहितात, मग बिअर मागवतात.)

मंडळाचे सभासद एकतीस. प्रत्येकाच्या तळघरात स्वतःच्या हाताने बांधलेलं सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं, मिलिंग मशीन आहे. बिडाचा पाया, पॉलिश केलेले रूळ, मोटारी, सगळं जिथल्या तिथे. यातली चालू किती, असं पाहुणे कधीकधी विचारतात. त्यांना आम्ही कॉफी देतो आणि विषय बदलतो. मोटारीने किती फिरायचं आणि कुठे थांबायचं हे सांगणारा तळहाताएवढा बोर्ड, म्हणजे कंट्रोलर, तेवढा निवडायचा राहिला आहे. निवड घाईने होत नसते.

या बाबतीत गेबहार्ट यांच्याइतका आदर्श सभासद मी पाहिला नाही. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. जिना झाडायची पाळी आली की पायऱ्यांच्या कडा दाढीच्या ब्रशने साफ करतात. निवृत्त झाल्याझाल्या त्यांनी मशीन बांधलं, आणि त्याच सुमारास त्यांच्या पत्नीचं, रोस्विताबाईंचं, अकॉर्डियन बिघडलं. डाव्या हाताच्या बटणांखालची एक बारीक पितळी पट्टी मोडली. वाद्य बाईंच्या वडिलांचं. बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. बाई गावच्या अकॉर्डियनवृंदात पहिल्या खुर्चीवर बसायच्या. त्या म्हणाल्या, "शहरात एक दुरुस्तीवाला आहे म्हणे. त्याच्याकडे टाकते."

"घरात मशीन असताना?" गेबहार्ट दुखावले. "लोक काय म्हणतील? पंधरा दिवस दे. फक्त कंट्रोलर ठरू दे."

बाईंनी पंधरा दिवस दिले. हे पंधरा दिवस सहाव्या वर्षात गेले, यावरून गेबहार्टांच्या कामाची खोली लक्षात यावी.

कारण पर्याय थोडे नव्हते. संगणकाच्या जुन्या प्रिंटर-पोर्टावरून मशीन चालवणारे सनातनी होते. त्यासाठी ते भंगारातून संगणक उचलून आणत आणि त्यांना उबदार ठेवत. यूएसबीवाले होते, आणि यूएसबीची केबल आजूबाजूचा विजेचा गोंगाट पकडते आणि ऐन कामात मशीन अडतं, असं म्हणणारेही होते. (दोन्ही पक्षांत लग्नसंबंध होत नाहीत.) नेटवर्क केबलवाले आपण दोघांच्या वरचे आहोत असं समजत. आणि बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेला खराखुरा औद्योगिक कंट्रोलर, म्हणजे कपाटाएवढं धूड, हाच पुरुषाला शोभणारा मार्ग आहे असं मानणारे तिघे होते. त्यातल्या एकाने धूड तळघरात उतरवण्यासाठी दार फोडलं. आता तळघराला दार नाही आणि कंट्रोलर अंगणात आहे.

गेबहार्टांनी सगळ्या पक्षांचं ऐकलं. दर गुरुवारी ऐकलं. एकदा तर त्यांनी एक कंट्रोलर मागवलासुद्धा! खोकं आलं. दुपारी त्याच कंपनीने पुढची आवृत्ती जाहीर केली. गेबहार्टांनी खोकं न उघडता परत पाठवलं आणि रात्रीच्या जेवणात मसूर आणि श्पेट्झलच्या शेवया दोनदा वाढून घेतल्या. वाचलो, म्हणाले.

इकडे वृंदाच्या दिग्दर्शकाने बाईंना पहिल्या खुर्चीवरून उठवून आधी खंजिरीवर बसवलं, मग तिकिटांच्या टेबलावर. तालमीच्या दिवशी बाई मोडकं अकॉर्डियन मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसत आणि भाता न उघडता बटणं दाबत. गेबहार्टांना खालून टकटक ऐकू येई. मशीनमधला रिले, म्हणजे विजेचा खटका, वाजतोय का, म्हणून ते मशीन तपासत.

अशा सुरळीत चाललेल्या मंडळात ओटमारने घाण केली.

ओटमार पावाच्या भट्टीत कामाला. आमच्यात बसून प्रेट्झेल खायचा, ऐकायचा, मान डोलवायचा. एका गुरुवारी त्याने खिशातून अॅल्युमिनियमची एक बिजागरी काढून टेबलावर ठेवली. मशीनवर केलेली.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"बिजागरी. कोंबड्यांच्या खुराड्याची."

"कंट्रोलर कोणता निवडला, तुम्ही?" वीस वर्षं अरे-तुरे करणारे अध्यक्ष अहो-जाहोवर आले, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांनी ओळखलं.

"दुकानात गेलो होतो. होता तो घेतला."

"तुलना?"

"कशाची?"

"अहो, इतर पर्यायांशी!"

"बाकीचे नव्हते त्याच्याकडे," ओटमार म्हणाला. "आणि खुराड्यात कोल्हा शिरत होता."

ठराव एकमताने झाला. ज्याचं मशीन चालू आहे त्याला आता प्रश्न उरलेले नाहीत, आणि ज्याला प्रश्न नाहीत त्याने प्रश्नांच्या मंडळात बसणं त्याच्याच हिताचं नाही. गेबहार्टांनी अनुमोदन दिलं. ओटमारने बिजागरी खिशात घातली, उरलेला प्रेट्झेल खाल्ला आणि गेला.

ही हकीकत गेबहार्टांनी घरी जाऊन हसत हसत सांगितली. ती चूक झाली.

दुसऱ्या दिवशी रोस्विताबाई मोडकी पट्टी रुमालात बांधून ओटमारकडे गेल्या.

"हे जमेल?"

त्याने पट्टीचे दोन तुकडे जोडून उजेडात धरले. "पहिली बिघडेल. दुसरीसुद्धा बिघडेल बहुतेक. बस ना, सफरचंदाची वाइन घेतेस?"

तीन पट्ट्या बिघडल्या. एक तर उडून थेट खुराड्यात गेली. चौथी बसली. बाईंनी तिथेच, कोंबड्यांसमोर, भाता ओढला. सहा वर्षांनी सूर निघाला तेव्हा बाई म्हणाल्या, "अरे मेल्या, इतकंच होतं?" हे त्या ओटमारला म्हणाल्या नाहीत, हे ओटमारलाही कळलं.

संध्याकाळी गेबहार्ट वाद्याच्या आवाजाने तळघरातून वर आले. हातात मायक्रोमीटर होता.

"कुणी केली पट्टी?"

"ओटमारनं."

"काढ. मोजू दे."

बाईंनी काढून दिली. गेबहार्टांनी मोजली, चष्मा पुसला, परत मोजली. चेहरा उजळला. "तीन शतांश जास्त जाड आहे!"

"मग?"

"मग काय मग? मिलिमीटरचे तीन शतांश जास्त जाड आहे, रोस्विता!"

"ऐकू येतंय का तुला ते?" बाईंनी पट्टी बसवली आणि वाजवू लागल्या. वडिलांची एक जुनी चाल होती, दोघांच्या लग्नात वाजलेली. गेबहार्ट दारात उभे राहिले. शेवटच्या कडव्याला त्यांचे डोळे पाणावले. (कटिंग ऑइलने होतं असं. पण त्या तळघरात ऑइलचा डबा अजून फोडलेला नाही.)

"ऐकतोयस ना?" बाई वाजवता वाजवता म्हणाल्या. "बस की इथे. खाली कोण वाट बघतंय तुझी?"

ते क्षणभर टेकलेसुद्धा. मग उठले. "तू वाजवलंस की जमीन हादरते," ते म्हणाले. "मशीनची लेव्हल जाईल."

बाईंनी भाता मिटला, पट्टे अडकवले आणि वाद्य घेऊन बाहेर पडल्या. तेव्हापासून त्यांचा रियाज ओटमारच्या गॅरेजमध्ये चालतो. वृंदाने त्यांना पहिली खुर्ची परत दिली, आणि वृंदातली मोडकी वाद्यं एकेक करून त्याच गॅरेजात जाऊ लागली. बाई जेवायला घरी येतात. अजून तरी.

शरदातल्या जलशाला सारं गाव लोटलं. गेबहार्टांना जमलं नाही, कारण त्याच संध्याकाळी आमची निवडणूक होती. त्यांना आम्ही एकमताने अध्यक्ष केलं. भाषणात ते म्हणाले की निवड आता फार लांब नाही. टाळ्या थांबेनात.

ही हकीकत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. शिकलेले, विचारी, तुमच्यासारखेच. बाईंनी त्या संध्याकाळी कोणती चाल वाजवली, हे आजवर एकानेही विचारलं नाही. ओटमारने घेतलेला कंट्रोलर नेमका कोणता, हे मात्र प्रत्येकाने विचारलं. तुम्हीही मघापासून तेच शोधताय. या गुरुवारी सहाला या. बसायला जागा आहे.